घडी मोडली

समीक्षक व्हायला काय लागतं, याची मी बरीच चौकशी केली आहे. वाङ्मयाची पदवी लागत नाही, हे पहिल्याच फेरीत कळलं. स्वतः काही निर्माण केलेलं नसावं, ही अट मी बी.कॉम. झाल्या दिवसापासून निष्ठेनं पाळत आलो आहे. आणि दुसऱ्याच्या कामातली चूक काढायची सवय म्हणाल, तर गेली २२ वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी दुसरं काही केलेलंच नाही. चेकवरची अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम यांचं पटत नसेल, तर मला ते हातभर लांबून कळतं. आशय आणि अभिव्यक्ती यांचं पटत नाही असं विद्वान लोक म्हणतात, ते तरी याहून निराळं काय असतं?

एवढ्या भांडवलावर मी आज एका उपेक्षित कलाप्रकाराची समीक्षा करायला बसलो आहे. तो कलाप्रकार म्हणजे शाळकरी चिकटवहीच्या पानावर डकवलेलं कागदी फूल. हसू नका. महाराष्ट्रात कवितासंग्रह जितक्या घरांत असतील त्याच्या कितीतरी पट घरांत चिकटवह्या असतात आणि त्या निदान एका माणसाला, म्हणजे वर्गाच्या बाईंना, वाचाव्याच लागतात.

आमची कन्या सहावीत आहे. यंदाचा चिकटवहीचा विषय 'आपला जिल्हा'. गुण वीस : माहितीला दहा, चित्रांना पाच आणि सजावटीला पाच. सजावट म्हणजे फुलं, हे कोणी लिहून दिलेलं नाही. पण सत्यनारायणाला शिरा लागतो हे तरी कुठं लिहून दिलेलं असतं? आता रत्नागिरीत ऐन श्रावणात कागदाची फुलं करायला सांगणं यातला विनोद इथल्याच माणसाला कळेल. दाराबाहेर जास्वंद, सोनटक्का, अनंत, तगर आणि कुणी न लावलेला तेरडा यांनी नुसता गोंधळ घातलेला असतो, आणि दाराच्या आत चार माणसं दिव्याखाली बसून कागदाचं फूल करायला बघत असतात. बरं, त्या कागदाची अवस्था काय? मीठ, पापड, आगपेटी आणि कागद या चौघांनी आमच्याकडे जून ते सप्टेंबर राजीनामा दिलेला असतो. घोटीव कागदाचा ताव उचलला तर तो ओल्या पंचासारखा हातावरून लोंबतो. डिंक वाळत नाही. वाळला असं वाटून वही मिटली, की दुसऱ्या दिवशी 'जिल्ह्यातील प्रमुख पिके' आणि 'जिल्ह्यातील थोर व्यक्ती' ही पानं कायमची एक झालेली असतात.

गेल्या वर्षीच्या चिकटवहीपासून समीक्षेला सुरुवात करणं योग्य होईल, कारण ती माझी स्वतःची निर्मिती होती. (वर सांगितलेल्या अटीचा भंग झाला तो तेवढाच.) मी ऑफिस सुटल्यावर रामआळीत गेलो, एका दुकानातून तयार फुलांचं चाळीस रुपयांचं पाकीट आणलं आणि रात्री अकरा वाजता, कन्या झोपल्यावर, ती फुलं पानोपानी चिकटवली. मागचा पापुद्रा सोलायचा आणि दाबायचं. डिंक नको, कात्री नको, प्रतिभा नको. थिबा पॅलेसच्या पानावर मी चार कोपऱ्यांत चार जांभळी फुलं लावली. पाकळ्यांवर चमकी होती.

आज समीक्षकाच्या नजरेनं ते पान बघतो तेव्हा मला घाम फुटतो. मजकूर काय आहे? ब्रह्मदेशाचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ साली त्याला गादीवरून उतरवलं, समुद्रापार आणलं, रत्नागिरीला ठेवलं. राजवाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथंच वारला. राज्य गेलं, देश गेला, परत जायची वाटही गेली. आणि समासात चार जांभळी फुलं कुणाच्या तरी वाढदिवसाला आल्यासारखी चमचम करताहेत! आशय आणि अभिव्यक्ती यांतला याच्याएवढा विसंवाद मी चेकवरही पाहिलेला नाही. बाईंनी शेरा दिला, 'सुंदर व नीटनेटके', आणि पाचापैकी पाच. कन्येनं घरी येऊन दारातूनच जाहीर केलं, "आजी, बाबांना पाचपैकी पाच मिळाले!" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझं अभिनंदन केलं. वही त्या दिवशी कपाटावर गेली. ती पुन्हा कोणी उघडली असेल तर कसरीनं.

यंदा बाई बदलल्या. नव्या बाईंनी वर्गात सांगितलं, फुलं विकतची नकोत, कापून चिकटवलेलीही नकोत. एका कागदाच्या घड्या घालून केलेली हवीत. आणि ती आपली आपण करायची.

इथं वाचकांना थोडं वर्गीकरण समजावून देणं भाग आहे. चिकटवहीतली फुलं मुख्यतः तीन घराण्यांची. पहिलं, कापीव. घोटीव कागद दुमडून कात्रीनं पाकळ्या कापतात आणि मध्ये पिवळी टिकली डकवतात. हे प्रामाणिक फूल आहे, पण त्याला पाठ नसते. सरकारी नोटिशीसारखं ते एकाच बाजूनं वाचायचं. दुसरं, क्रेपचं. क्रेपच्या गुलाबाची आपल्याकडे फार स्तुती झाली आहे आणि ती माझ्या मते अनाठायी आहे. क्रेप पेपर ताणला की झालर होते, झालर गुंडाळली की गुलाब होतो. यात गुलाबाचं किंवा गुंडाळणाऱ्याचं कर्तृत्व काय? शिवाय त्याला तार लागते, हिरवी पट्टी लागते, आणि घाम लागला की त्याचा रंग हाताला लागतो. लग्नाच्या मांडवात तो शोभतो, कारण तिथं कोणी त्याच्याकडे बघत नाही.

तिसरं घराणं घडीचं. एकच चौकोनी कागद. कात्री नाही, डिंक नाही, तार नाही. जपानी लोक याला ओरिगामी म्हणतात; 'ओरु' म्हणजे घडी घालणं आणि 'कामी' म्हणजे कागद. कला कलेसाठी की जीवनासाठी, यावर फडके आणि खांडेकर यांच्या काळात मराठीत पुष्कळ शाई खर्च झाली. खांडेकर तेव्हा शिरोड्याला मास्तर होते, म्हणजे आमच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातच. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा निघाला आणि हा वाद आमच्या हद्दीतून गेला. तो वाद आज पुन्हा निघाला तर घडीचं फूल मी दोन्ही पक्षांपुढे ठेवीन. ते देवाला वाहता येत नाही, केसांत माळता येत नाही, त्याला वास नाही, त्याचा काडीचा उपयोग नाही. पण ते करणाऱ्या माणसाचा रविवार संपूर्ण जातो. जीवन याहून वेगळं ते काय?

(कागदी फुलांचा धंदा मुळातच आतबट्ट्याचा. १९५९ साली गुरुदत्तनं त्या नावाचा सिनेमा काढला, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. तो असा आपटला की त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यानं कुठल्याही चित्रपटाला आपलं नाव दिलं नाही. चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न निराळा. मी वाणिज्य शाखेचा माणूस, मी गल्ला बघतो.)

तर घडीचं फूल. रविवारी सकाळी मी बाह्या सरसावल्या. "आपण कमळ करू," मी म्हटलं, कारण त्याची कृती मला फोनवर पाहून समजली आणि ती समजायचं कारण म्हणजे ती निखळ अकाउंटन्सी होती. चौकोनी कागद घ्यायचा, चारही कोपरे मध्यावर आणून दाबायचे. क्षेत्रफळ निम्मं झालं. पुन्हा चारही कोपरे मध्यावर, पुन्हा निम्मं. पुन्हा एकदा. मग कागद उलटा करून चौथ्यांदा. घटत्या बाकीच्या पद्धतीनं दर साल पन्नास टक्के घसारा! १६ सेंटिमीटरचा कागद, म्हणजे २५६ चौरस सेंटिमीटरची मालमत्ता, चार वर्षांत १६ चौरस सेंटिमीटरवर येते. बी.कॉम.ला हे गणित मी चुकवलं होतं. कमळात ते बरोबर आलं.

पुढचा भाग मात्र अभ्यासक्रमाबाहेरचा निघाला. मागच्या बाजूला दडलेले पदर हलक्या हातानं पुढे ओढून त्यांच्या पाकळ्या करायच्या असतात. 'हलका हात' ही वस्तू आमच्या खात्यात जमा नाही. पहिलं कमळ फाटलं. दुसरं फाटलं. तिसरं फुललं, पण असं काही फुललं की चिकटवहीत ठेवल्यावर वही मिटेना. सोळा पदरांचं कमळ पानावर बसलं म्हणजे पानावर वाटी पालथी घातल्यासारखं दिसतं. मी वर बसून बघितलं. ताळेबंद बंद होईना.

"बाबा, तुम्ही हिशेबाचंच बघा," कन्या म्हणाली.

कारकुनाला घडीकामात स्थान नाही असं मात्र कोणी समजू नये. मद्रासकडचे टी. सुंदर राव हे महसूल खात्यात नोकरी करणारे गृहस्थ. त्यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक मद्रासला छापलं. कंपास नाही, कर्कटक नाही. नुसत्या घड्या घालून पंचकोन, षट्कोन आणि पुढं बरंच काही. कल्पना त्यांना सुचली ती फ्रोबेलच्या बालवाडीतल्या खेळण्यांवरून. तोच फ्रोबेल, ज्यानं जर्मनीत १८४० साली बालवाडीला 'मुलांची बाग' असं नाव दिलं आणि कागदाला घड्या घालणं हा तिथला एक रीतसर पाठ करून टाकला. फेलिक्स क्लाइन नावाच्या मोठ्या जर्मन गणितज्ञानं राव यांच्या पुस्तकाचा उल्लेख केला, आणि १९०१ साली ते अमेरिकेतही निघालं. दिवसभर लोकांचा शेतसारा मोजून संध्याकाळी घरी कागदाचा षट्कोन करणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. त्यांच्या घरचं मंडळ त्यांना काय म्हणत असेल, याचा अंदाज मी करू शकतो.

आमची ही खटपट माझी आई झोपाळ्यावरून बघत होती. ती प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिक्षिका होती. शेवटी तिला राहवेना. "अरे, कमळ वहीत मावत नाही हे तुला कळायला तीन कागद लागले? वहीत लिली करायची. लिली चपटी बसते. आण इकडे तो कागद. बाय, तू बस माझ्याजवळ, आणि बघ."

तिनं कागद घेतला आणि तिची बोटं अशी चालू लागली की आम्ही गप्पच झालो. दोन आडव्या-उभ्या घड्या, दोन तिरक्या घड्या. मग काहीतरी केलं आणि कागद आपोआप मिटून छोटा चौकोन झाला, त्याला चार पंख. एक पंख उभा धरला, त्याचा खिसा उघडला आणि चेपला. दुसरा. तिसरा. चौथा. कन्या तोंड उघडं टाकून बघत होती. आणि तिथं आई थांबली.

"इथं आता… आता हे असं वर घ्यायचं…" ती म्हणाली. बोटं एका जागेपर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा परत आली. तिनं कागद फिरवून दुसऱ्या बाजूनं धरला. "मग काय बरं होतं?"

"आठवेल गो आजी," कन्या म्हणाली.

"आठवेल काय? ३१ वर्षं मी दर वर्षी हे पोरांना शिकवलंय," आई म्हणाली आणि हसली. ते हसणं मला ओळखीचं होतं. सहीचा नमुना जुळत नाही असं काउंटरवर सांगितलं की वयस्कर खातेदार तसं हसतात. गेल्या महिन्यात आईचा पेन्शनचा चेक आमच्याच बँकेत आला, आणि पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं तो हळूच माझ्याकडे सरकवला. आईच्या नावातला शेवटचा फाटा, जो ती आयुष्यभर वर नेत आली, तो खाली गेला होता. मी म्हटलं, "आईचीच आहे." घरी कोणाला बोललो नाही.

"फोनवर बघू या ना," मी म्हटलं. फोनवर लिली होती. एक नव्हे, पन्नास होत्या. पण त्यातल्या बाईची फक्त बोटं दिसत होती आणि ती बोटं मागं कोण राहिलंय याची पर्वा न करता पुढं पळत होती. आई दोन मिनिटं बघून म्हणाली, "बंद कर ते. मला ठाऊक आहे."

मग आतल्या खोलीतली ट्रंक उघडली गेली. डांबराच्या गोळ्या, दोन पैठण्या, माझं मुंजीतलं सोवळं, आणि त्याखाली आईची हस्तव्यवसायाची चिकटवही. अध्यापक विद्यालयातली, १९७५ सालची. जाड तपकिरी पानं. 'वाहतुकीची साधने', 'प्राण्यांची घरे', 'पक्ष्यांच्या चोची'. आणि शेवटी 'कागदकाम', त्यात चार घडीची फुलं. तिसरं फूल लिली. एके काळी गुलाबी असावी. आता ती कुळथाच्या पिठाच्या रंगाची झाली होती. शेजारी लाल शाईत शेरा : 'उत्तम. १० पैकी ९.'

फुलाखाली निळ्या-काळ्या शाईत कृती लिहिली होती. अक्षर असं की आमच्या बँकेत आलं असतं तर मॅनेजरनं फ्रेम करून लावलं असतं. वाङ्मयप्रकार म्हणून या कृतीचा विचार करायला हवा. एकूण सहा वाक्यं. पहिलं : 'चौरस कागद घ्यावा.' चौथ्यापर्यंत सगळं शिस्तीत. पाचवं : 'वरीलप्रमाणे चारही बाजूंस करावे.' सहावं : 'फूल तयार.' पाचव्या आणि सहाव्या वाक्यांच्या मध्ये जे काही घडतं, ते लेखिकेनं सर्वस्वी वाचकाच्या प्रतिभेवर सोपवलं आहे. जपानमध्ये अकिरा योशिझावा नावाचे एक मोठे घडीकार होऊन गेले, १९११ ते २००५. ते एके काळी कारखान्यात नोकरीला होते. त्यांनी तुटक रेषा आणि बाण वापरून घडी कागदावर कशी दाखवायची याची पद्धत बसवली, १९५४ साली पुस्तकात छापली, आणि आज जगभर तीच चालते. रत्नागिरीला ती १९७५ पर्यंत आली नव्हती असं दिसतं. इथं 'वरीलप्रमाणे' वरच भागत होतं.

"काय लिहिलंय मी हे!" आई म्हणाली. "आता वरीलप्रमाणे म्हणजे कशाप्रमाणे?"

तेव्हा कन्या म्हणाली, "आजी, हीच उलगडून बघू या का?"

मी तत्काळ हरकत घेतली. मूळ दस्तऐवजाला हात लावायचा नाही, हा बँकेचा पहिला नियम. प्रत काढा, नोंद करा, पण मूळ कागद जागेवरून हलता कामा नये. पन्नासएक वर्षांचा कागद, हात लावला की तुकडे होतील. आणि मुख्य म्हणजे ती अशी एकुलती एक लिली होती. आईनं हजारो मुलांना केलेल्या आणि शिकवलेल्या लिल्यांपैकी आमच्या घरात उरलेली तेवढीच. "ती राहू दे," मी म्हटलं. "आठवण म्हणून तरी राहील."

"कसली आठवण?" आई म्हणाली. "तिला बघून मला काही आठवत नाही, म्हणून तर चाललंय हे सगळं."

सौ. एवढा वेळ भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या शालूची घडी मोडायची म्हणून चौदा वर्षं चांगला दिवस शोधताय. मोडा की एकदाची."

चिकटवलेली होती ती खळीनं, आणि खळ श्रावणातल्या हवेनं आधीच सैल केली होती. आईनं सुरीचं पातं मागून सरकवलं. फूल कुरकुर न करता सुटलं. मग तिनं ते ताटात ठेवलं, पंखा बंद करायला सांगितला, आणि एक एक पदर उघडायला घेतला. मी जवळ उभा राहून 'हळू', 'हळू' म्हणत होतो. याहून अधिक समीक्षकाच्या हातात काही नसतं.

कागद उलगडत गेला आणि आम्ही सगळेच वाकून बघायला लागलो. बाहेरून पिठाच्या रंगाची झालेली ती लिली आतल्या पदरांत अजून गुलाबी होती. साधीसुधी गुलाबी नव्हे. घोटीव कागदाचा तो झणझणीत, लाजबीज न बाळगणारा गुलाबी. जिथं उजेड पोचला नव्हता तिथं तिथं तो १९७५ सालचा तसाच बसला होता. सपाट केलेल्या कागदावर फिकट आणि गडद तुकड्यांची एक चांदणी उमटली होती. चारही बाजूंनी सारखी.

आई काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा कागद आम्ही गोखले नाक्यावरून आणला होता. ताव आम्ही दोघींत वाटून घेतला." दोघींत म्हणजे कोण, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

यानंतर कन्येनं समीक्षेचा ताबा घेतला. घडीच्या कागदाचं एक आहे, ते खोटं बोलत नाही. कापलेल्या फुलात कात्री कुठून फिरली ते कळत नाही, चिकटवलेल्या फुलात डिंक सगळं झाकून टाकतो, पण घडी रेघ ठेवते. काही रेघा वर आलेल्या असतात, काही खोल गेलेल्या. घडीकामवाले पहिलीला डोंगर म्हणतात, दुसरीला दरी; आम्हां कोकणातल्यांना ते शिकवायला नको. मधला बिंदू म्हणजे देठ, चार कोपरे म्हणजे चार पाकळ्या, इतपत मलाही कळलं. कन्या बोटानं डोंगर-दऱ्या मोजत होती. "आजी, ही बघ. इथं एक छोटी आडवी रेघ आहे. तू केलेल्या कागदावर नाहीये ती. चारही ठिकाणी आहे."

आईनं आपला अर्धवट राहिलेला कागद उचलला. एक क्षण त्या आडव्या रेघेकडे बघितलं. "हां!" ती म्हणाली. "पोटात घ्यायचं गो! वरचा पदर उचलायचा आणि बाजू पोटात घ्यायच्या!" आणि बोटं चालू झाली. तो पंख, पुढचा, त्याच्या पुढचा, चौथा. आता ती कागदाकडे बघतही नव्हती, कन्येकडे बघत होती. "वरीलप्रमाणे चारही बाजूंस करावे," ती म्हणाली आणि पेन्सिलीवर पाकळ्या वळवून तिनं लिली ताटात ठेवली.

त्याच वेळी जुना कागद मी उचलायला गेलो, आणि तो एका घडीवर फाटला. अगदी आवाज न करता. एक कोपरा माझ्या हातात राहिला. मला वाटलं, आता आई काहीतरी बोलेल. पण सगळे माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मग मला धंद्याचा नियम सांगावा लागला : रिझर्व्ह बँकेच्या २००९ सालच्या नोटपरतीच्या नियमांप्रमाणे वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा निम्म्याहून जास्त असेल, तर पूर्ण किंमत मिळते. मी पट्टी आणून मोजलं. मोठा तुकडा चांगला बारा आण्याचा भरला. "पूर्ण किंमत," मी जाहीर केलं. आई म्हणाली, "पट्टी जागेवर ठेव."

त्या संध्याकाळी कन्येनं स्वतः अकरा लिल्या केल्या. पहिल्या सात लिलीसारख्या दिसत नव्हत्या. आठवी कोंबडीसारखी दिसत होती. त्यातल्या तीन बऱ्या निघाल्या, त्या वहीत लागल्या. थिबा पॅलेसच्या पानावर तिनं एकच लावली, खाली, एका बाजूला, पांढरी. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "रंगीत कागद संपले." मला मात्र समीक्षक म्हणून त्यात बरंच काही दिसलं होतं, मी ते गिळलं.

वही तपासून आली. सजावटीला पाचापैकी तीन. शेरा : 'घड्या दुबार पडल्या आहेत. स्वच्छता हवी.'

मी चवताळलो. घड्या दुबार पडणारच! मूल एक घडी घालतं, ती चुकते, ते उलगडून दुसरी घालतं. दुबार घडी म्हणजे चूक त्याची त्यानं ओळखली याची पावती. चेकवर खाडाखोड केली तर पूर्वी आम्हीसुद्धा शेजारी सही मागायचो आणि रक्कम द्यायचो. फुलं आपल्या हातानं करा असं सांगायचं आणि मग हात दिसले म्हणून दोन गुण कापायचे, हा कुठला न्याय? माझ्या विकतच्या जांभळ्या फुलांना पाच आणि हिला तीन! मी बाईंना चिठ्ठी लिहायला बसलो. मसुदा चांगला झाला होता. 'अभिव्यक्ती' हा शब्द त्यात दोनदा आला होता.

"कोणाला लिहितोस?" आईनं विचारलं. मी वाचून दाखवलं. ती झोपाळ्यावर थोडा वेळ गप्प बसली.

"मीही कापायची," ती म्हणाली.

"काय?"

"स्वच्छतेचे गुण. दुबार घडी दिसली की एक. डिंकाचा डाग दिसला की एक. चाळीस-चाळीस वह्या असायच्या रे, दुसरं बघणार काय आणि कधी? स्वच्छता वरूनच दिसते." मग जरा वेळानं म्हणाली, "एका मुलीची लिली मी परत दिली होती. घड्या घालून घालून कागद मऊ झाला होता अगदी. फडक्यासारखा. म्हटलं, नवीन करून आण. तिनं आणली नाही."

मी चिठ्ठी खिशात घातली. ती अजून खिशातच आहे.

परवा रविवारी कन्या आणि आई पुन्हा ट्रंकेपाशी. चिकटवहीत लिलीच्या जागी आता तो सपाट कागद लावला आहे, फाटका कोपरा शेजारी, आणि खाली आईच्या निळ्या-काळ्या कृतीत पाच आणि सहा यांच्यामध्ये कन्येनं बॉलपेनानं एक वाक्य घुसवलं आहे : 'बाजू पोटात घ्याव्या.' उरली तीन फुलं. पहिलं तर साधं ट्यूलिपसारखं दिसतं. चौथं मात्र कसलं आहे ते आईला काही केल्या सांगता येईना, आणि त्याखाली कृतीही नाही. नुसतं 'फूल क्र. ४'.

"उलगडू या?" कन्येनं विचारलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. मी उठून पंखा बंद केला.